1890च्या पुण्याचं नाटक आणि कपडेपट : जुन्या फोटोंत रंग शोधू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : हौशी संस्थेचं दोन अंकी नाटक, काळ 1890, जागा पुण्यातल्या एका वकिलाचा वाडा. पात्रं पाच. वकील, त्याची शिकू पाहणारी बायको, घरातली विधवा आत्या, खेड्यातून येणारा एक शेतकरी आणि मुंबईहून आलेला पारशी स्नेही. पैसे बेताचेच. इंटरनेटवरून जुने फोटो गोळा केलेत, आता त्याबरहुकूम कपडे शिवायचे की ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणायचे?

सरळ उत्तर आधी देतो. पगडी आणि पारशाचा पोशाख भाड्याने आणा, बाकीचं कापड विकत घ्या, आणि त्यातलं जवळजवळ काहीच शिवू नका. लुगडं, धोतर, उपरणं, शेला, मुंडासं, घोंगडी ही सगळी बिनशिवणीची वस्त्रं. त्या काळातल्या सामान्य माणसाच्या अंगावर शिंप्याचं काम फार थोडं असायचं. तुमचा खर्च कापडावर कमी आणि नेसायला शिकण्यावर जास्त झाला पाहिजे. पैशाचा नव्हे, तालमीच्या तासांचा.

आता फोटोंबद्दल. तीस वर्षं कपडेपट सांभाळतोय आणि सगळ्यात जास्त चुका मी फोटो बघूनच केल्यात. फोटो खोटं बोलत नाही असं आपण समजतो. तो कापडाची ठेवण, पदर कुठून कुठे गेलाय, बाही किती लांब, हे बरोबर सांगतो. रंगाच्या बाबतीत मात्र साफ फसवतो, आणि ते नुसतं काळंपांढरं असल्यामुळे नव्हे. त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या उजेडाला हळव्या होत्या आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. त्यामुळे फोटोत तांबडी वस्तू काळी येते, पिवळी गडद येते आणि निळी फिकट, कधी कधी पांढरीसुद्धा. लाल पगडी घालून फोटोला बसलेला गृहस्थ आपल्याला काळी पगडी घातलेला दिसतो. फोटोतलं काळं लुगडं खरोखरची चंद्रकळा असेल, नाहीतर चांगलं कुंकवासारखं लालभडक असेल. सुरुवातीच्या एका नाटकात मी फोटो बघून सगळ्या बायकांना करड्या, राखी, मातकट रंगांत गुंडाळलं होतं. "जुना काळ" म्हणून! प्रत्यक्षात तो काळ तांबड्या, हिरव्या, निळ्या, पिवळ्या रंगांचा होता. मळका कोणी असेल तर तो गरिबीमुळे, काळामुळे नाही.

दुसरी गोष्ट, फोटो हा त्या माणसांचा सणाचा दिवस असतो. स्टुडिओत जायचं म्हणजे ठेवणीतलं लुगडं, होते नव्हते तेवढे दागिने, अंगावर शाल. त्यावरून मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात ती बाई कशी दिसायची हे कळत नाही. मागच्या देखाव्यावर तर मुळीच जाऊ नका. मुंबईच्या विल्यम जॉन्सनने 1863 आणि 1866 साली मुंबईतल्या निरनिराळ्या लोकांच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यात स्टुडिओत काढलेली माणसं नंतर वेगळ्याच जागेच्या फोटोवर जोडलेली आहेत. आणि हो, नट त्या फोटोंसारखे ताठ उभे राहू लागले तर त्यांना थांबवा. काही सेकंद हलायचं नाही म्हणून ती मंडळी तशी बसायची. एरवी तुमच्याआमच्यासारखीच पाय पसरून बसत होती.

मग रंग कुठून घ्यायचे? एक तर रंगांचा इतिहास लक्षात ठेवा. आपल्याकडचा जुना तांबडा आल नावाच्या झाडाच्या मुळांचा, निळा नीळीचा. पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पहिला कृत्रिम जांभळा रंग केला 1856 साली, आपण ज्याला राणी कलर म्हणतो त्याच्या घरातला मॅजेंटा त्यानंतर दोनतीन वर्षांत आला, आणि कृत्रिम नीळ बाजारात यायला 1897 उजाडलं. तुमच्या 1890च्या नाटकात झगझगीत जांभळा किंवा राणी रंग चालेल, नवलाईची वस्तू म्हणून. तेच नाटक 1850चं असतं तर मी तो रंग दारातूनच परत पाठवला असता. दुसरं, चित्रं बघा. म. वि. धुरंधरांची बघा. 1867चा जन्म, 1890 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झालेला माणूस. मुंबईच्या रस्त्यावरच्या बायका-पुरुषांकडे त्यांच्याइतकं बारीक लक्ष दुसऱ्या कुणी दिलेलं मला माहीत नाही. रविवर्म्याची चित्रं सुंदर आहेत, पण त्यांतल्या बायका अर्ध्या देवी असतात, घरातल्या नव्हेत. आणि पुण्यातच आहात तर केळकर संग्रहालयात एक दुपार काढा. फणीकरंडे, अडकित्ते, दिवे समोर ठेवलेले असताना फोटोंच्या मागे कशाला लागायचं? मुंबईला गेलात तर भाऊ दाजी लाड संग्रहालयात निरनिराळ्या समाजांच्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, त्याही बघून या.

आता आत्याबाई. इथे जरा थांबतो, कारण इथे सगळे चुकतात आणि मीही चुकलोय. तुम्ही तिला पांढरी साडी ठरवली आहे. ती काढून टाका. पुण्यातल्या ब्राह्मण घरातली केशवपन केलेली विधवा म्हणजे आलवण, तांबडं जाड लुगडं. नावातच आल आहे बघा. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, अंगात चोळी नाही, कपाळ मोकळं, हात ओकेबोके. पांढरी साडी आपल्या डोक्यात बंगाली आणि हिंदी सिनेमांनी घातली. पंडिता रमाबाई पांढऱ्या वस्त्रांत दिसतात हे खरं, पण त्यांचं लग्न बंगाली माणसाशी झालेलं, आणि आपल्याकडच्या रूढीच्या चौकटीत त्या कधी बसल्याच नाहीत.

माझी ही चूक एका प्रयोगात पदरात पडली. मध्यंतरात एक नव्वदीच्या आजी काठी टेकत विंगेत आल्या आणि विचारलं, "कपडे कुणी केले?" मी पुढे झालो. म्हणाल्या, "आमच्या आत्याबाईंना जन्मभर आलवणाखेरीज दुसरं नशिबात नव्हतं, आणि तू तिला पांढरीशुभ्र परीटघडी नेसवलीस?" दुसऱ्या अंकाला पांढरीच साडी होती, दुसरी होतीच कुठे! पण तिसऱ्या प्रयोगाला आलवण आलं, आणि गंमत अशी की दिग्दर्शकाने न बदललेले प्रसंगही बदलले. पांढऱ्यात ती बाई मागच्या भिंतीत विरून जायची. तांबड्यात ती कुठेही बसली तरी नजर तिच्याकडे जाते, आणि घरातली बाकीची माणसं तिच्याकडे बघायचं टाळतात हे प्रेक्षकाला दिसतं.

एक लक्षात ठेवा : ही रीत ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही जातींची. बहुजन समाजात पाट लावायची, मोहतुराची, म्हणजे विधवेच्या पुनर्लग्नाची चाल होती, तिथे केशवपन नव्हतं. आणि 1890 म्हणजे हा विषय पेटलेला काळ. त्याच वर्षी कामगारनेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. रमाबाईंची विधवांसाठीची शाळा, शारदासदन, आदल्या वर्षी मुंबईत निघाली आणि 1890मध्ये पुण्यात आली. म्हणजे यातलं काही तुमच्या आत्याबाईंच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडत होतं. नाटकात याचा उल्लेख नसला तरी नटीला हे ठाऊक हवं.

वकिलाची बायको. तिला शिवलेली नऊवारी देऊ नका. हात जोडून सांगतो. इलॅस्टिकची, चेनची, तयार काष्ट्याची ती वस्तू लग्नातल्या फोटोसाठी ठीक आहे. तिच्यात बाई बसली की काष्टा फुगतो आणि उठली की पायजमा दिसतो. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर सुती इरकली घ्या, गोमी काठाची, टोपपदराची. फॉल-पिको करायचं नाही, आतून परकर नाही. चार पाण्याने धुवा म्हणजे खळ जाईल. इस्त्री करू नका, घडी करून गादीखाली घाला. ब्राह्मणी नेसणीत पुढे ओचा येतो आणि तो नुसता दिसायचा नसतो. ओच्यात भाजी येते, फुलं येतात, मुलाचा खाऊ येतो. तुमच्या नटीला एक प्रसंग असा द्या की ती अंगणातून ओच्यात काहीतरी घेऊन येते. शंभर रुपयांच्या नेपथ्यापेक्षा त्याने जास्त काम होईल.

चोळी मात्र शिवावीच लागेल. खणाची, बाही दंडात घट्ट, पुढे गाठ. हूक नाहीत. पाठ झाकलेली हवी. पाठीवर दोऱ्या-लटकनं हा अलीकडचा प्रकार. बाई सुधारकी घरातली, शाळेत जाणारी दाखवायची असेल तर दुसऱ्या अंकात लांब बाह्यांचं जाकीट द्या. त्या एका बदलाने सासरच्यांच्या भुवया का वर गेल्या ते संवादाशिवाय कळेल.

तुमच्यापैकी कुणीतरी विचारलंय की तिला पाचवारी गोल साडी चालेल का. पुण्यात, घरात, 1890 साली : नाही. पण या प्रश्नामागे एक चांगली गोष्ट आहे. 1883 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या तेव्हा काय नेसायचं हा खराच प्रश्न होता. आपल्या नेसणीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि फिलाडेल्फियाची थंडी काही पुण्याची नव्हे. त्यांनी तिथे गुजराती पद्धतीची साडी जवळ केली. त्यांच्या कॉलेजातल्या जपानी आणि सीरियन मैत्रिणींबरोबरचा 10 ऑक्टोबर 1885चा फोटो तुमच्या गठ्ठ्यात असणारच. तो फोटो बघून "तेव्हाच्या पुण्यातल्या बायका अशा नेसायच्या" असं ठरवू नका. ती परदेशात, हवेशी आणि लोकांच्या बोलण्याशी तडजोड करून काढलेली वाट होती.

कुंकू. टिकली नको, लिक्विड नको. फणीकरंडा आणा. त्यात मेणाची एक छोटी डबी असते. अनामिकेने मेण घेऊन कपाळावर चिरी ओढायची किंवा गोल टेकवायचं, मग त्यावर पिंजर दाबायची आणि नाकावर सांडलेली हलकेच फुंकायची, नाहीतर पदराच्या टोकाने टिपायची. हे सगळं पंधरा सेकंदांत होतं. एका प्रयोगात मी नटीला हे प्रेक्षकांसमोर, आरशात न बघता करायला लावलं होतं. तिला सवय व्हायला तीन आठवडे लागले, पहिल्या आठवड्यात भुवया लाल व्हायच्या. पण प्रयोगात त्या पंधरा सेकंदांत नाट्यगृहात कुणी खोकत नसे. मागे आत्याबाई बसलेल्या असतील तर आणखीच.

वकील. घरात धोतर आणि अंगावर उपरणं किंवा बंडी, जेवताना सोवळं म्हणजे मुकटा किंवा कद, रेशमी वस्त्र. बाहेर जाताना अंगरखा, उपरणं, पगडी, पायात पुणेरी जोडा. अंगरखा शिवायचाच तर मांजरपाटाचा शिवा. बंध हवेत, बटणं-वेल्क्रो नको, आतूनसुद्धा नको. हात तिकडे गेला की नटाचा चेहरा आजचा होतो. बाजारातलं पांढरं कापड दिव्याखाली निळसर चमकतं, कारण त्यात आणि आपल्या साबणात उजळपणाची रसायनं असतात. उपाय जुनाच : बिनदुधाच्या चहाच्या पाण्यात बुडवून काढा. प्यायचा उरलेला चहा चालतो.

पगडीचा मुद्दा महत्त्वाचा. पगडी ही पगडबंदाने एकदा बांधून तयार करून दिलेली वस्तू. ती टोपीसारखी दोन्ही हातांनी उचलायची आणि खुंटीवर नाहीतर कोनाड्यात ठेवायची. पागोटं, मुंडासं, रुमाल हे दर वेळी डोक्यावर बांधायचे. नट हे दोन्ही एकसारखं हाताळतात. सत्काराला मिळतात त्या स्पंजाच्या हलक्या पगड्या आणू नका, त्या मान हलवली की उडतात. ड्रेपरीवाल्याकडे जुनी, जड असते ती मागा. जड पगडीने मान आपोआप सरळ राहते. पगडीवरून माणसाची जात, गाव, कधी कधी धंदासुद्धा ओळखू यायचा, म्हणून "कुठलीही चालेल" म्हणू नका. आणि पगडीखाली पूर्ण केस नकोत. घेरा आणि शेंडी. नट डोकं भादरायला तयार नसेल (हल्ली नसतातच, मालिकेचं शूटिंग असतं) तर पूर्ण प्रयोग डोक्यावर काहीतरी ठेवायचा मार्ग काढा. घरात बसलेला वकील रुमाल बांधून बसला तर कुणी हरकत घेणार नाही.

धोतर कुठलं, हाही एक निर्णय आहे. कावसजी दावर यांच्या मुंबईच्या कापडगिरणीला तोवर तीन तपं होत आली होती, मँचेस्टरचं धोतर घराघरात होतं. पण पुण्यात सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशांनी, 1872 सालीच हातमागाचं देशी कापड वापरायची शपथ घेतली होती, आणि 1877च्या दिल्ली दरबारालाही ते तसेच गेले. तुमचा वकील कुठल्या बाजूचा? संहितेत नसेल तर लेखकाला विचारा. गिरणीचं तलम धोतर की खादीचं जाडंभरडं, हे मी ठरवू शकत नाही.

शेतकऱ्याला ठिगळं लावायची हौस आवरा. मुंडासं, गुडघ्यापर्यंतचं आखूड धोतर किंवा लंगोट, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. ओसरीवर येण्याआधी तो वहाणा कुठे काढतो आणि कुठवर येतो, हे त्याच्या जातीवर ठरत होतं. ते दिग्दर्शकाने टाळू नये. घोंगडीचं वजन मात्र कळू द्या. 1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या मुलाच्या, मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले होते. दागदागिने आणि भरजरी कपड्यांनी भरलेल्या त्या सभेत तो पोशाख म्हणजेच अर्धं भाषण होतं. तुमच्या नाटकाच्या दोनच वर्षं आधीची ही गोष्ट, घरात तिची चर्चा झालेली असणार.

पारशी गृहस्थाबद्दल फार लिहीत नाही. पांढरी डगली, पाटलोण, पारशी पगडी. हे सगळं ड्रेपरीत मिळतं. फक्त गुजराती मिश्रित विनोदी मराठी बोलायला लावू नका, त्याला कपडेपट जबाबदार नाही.

शेवटी तुम्ही विचारलं नाहीत अशा दोन गोष्टी, पण त्या माझ्या डोळ्यांत खुपल्या. एक, तुमच्या नेपथ्याच्या चित्रात भिंतीवर रविवर्म्याची लक्ष्मी आहे. त्याचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला. 1890च्या भिंतीवर ती येऊच शकत नाही. पुण्यातच 1878 साली चिपळूणकर मंडळींनी चित्रशाळा काढली होती. तिथली देवादिकांची नाहीतर मराठेशाहीतल्या पुरुषांची छापील चित्रं लावा, नाहीतर भिंत मोकळी ठेवा. दिव्यांत समई आणि घासलेटचा कंदील दोन्ही चालतील, पण देवघरात कंदील नको.

दुसरी गोष्ट चहाची. पहिल्याच प्रवेशात पारशी स्नेही येतो आणि वकिलीणबाई कपबशीत चहा आणतात असं लिहिलंय. 1890च्या ऑक्टोबरातच पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. रानडे, टिळक ही मंडळी तिथे होती, आणि आनंदीबाईंच्या यजमानांनी, गोपाळराव जोशांनी, नावं वर्तमानपत्रात छापून आणली. ग्रामण्य झालं, म्हणजे जातीच्या बहिष्काराचा तंटा, आणि प्रायश्चित्तांवर वर्षदोन वर्षं गाव भांडत होतं. त्या गावात परधर्मीयाबरोबर चहा घेणं हा साधा पाहुणचार नाही. आणि चिनी मातीची कपबशी सोवळ्याच्या स्वयंपाकघरातून बाहेर येणारच नाही. तो प्रवेश ठेवा, उलट चांगला आहे, पण चहा कुणी केला, कुठल्या भांड्यात, कुठे बसून प्यायला, आणि आत्याबाई तेव्हा कुठे होत्या हे ठरवून मग ठेवा.

लुगडी आणि धोतरं पहिल्या आठवड्यापासून तालमीत वापरा, रंगीत तालमीची वाट बघू नका. आलवणासाठी कापड बाजारात मिळालं नाही तर जाडसर सुती थान घेऊन रंगाऱ्याकडून तांबडं करून घ्या, किंवा मला कळवा, माझ्याकडे एक आहे. त्याचा रंग अजून जातो. वकिलाच्या धोतरांबरोबर एका बादलीत टाकू नका.